जानकीबाईंच्या दोन चुली

देवासला दोन राजे आहेत, याचं जानकीबाईंना कधी कौतुक वाटलं नव्हतं. रस्त्याच्या या अंगाला थोरल्या राजाचा अंमल, म्हणजे थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. कचेऱ्या दोन, शिपाई दोन, आणि अक्कल दोन्हींकडे मिळून अर्धी, असं त्या खुशाल म्हणत. त्यांचं घर नेमकं हद्दीवर. पुढचं दार थोरल्या पातीत उघडे, मागचं धाकटीत.

त्यांचा मुलगा माधव मॅट्रिक झाला आणि इंदूरच्या कॉलेजाचं निघालं. त्याचे वडील कृष्णाजी देवळातले पुजारी. दक्षिणेच्या तांदळावर कुठलं आलंय कॉलेज! बदनावर गावचे एक मालदार वकील मात्र टपून बसले होते. मुलगा नव्हता, मुलगी होती. "लग्न लावून द्या, शिक्षणाचं मी बघतो. जावई माझ्याकडेच राहील."

"दावणीला बांधणार की काय!" जानकीबाई कडाडल्या. "माझं पोर विकायला काढलेलं नाही." कृष्णाजींनी मान डोलावली. ते कशालाही डोलावत.

उरली दरबारची स्कॉलरशिप. बाईंनी नवऱ्याला दोन्ही कचेऱ्यांत पिटाळलं. दोन्हीकडे एकच उत्तर: तुम्ही पलीकडचे. जिथं चूल पेटते तिथली रयत. आम्ही येऊन चूल बघू.

"येऊ देत मेल्यांना!" बाईंनी माजघरातली चूल मोडली आणि एक पुढच्या दाराशी घातली, एक मागच्या. भात इथं, वरण तिथं. "अगं, हे खोटं," कृष्णाजी पुटपुटले.

"खोटं कसलं? दोन्हींवर शिजतंय ना?"

थोरल्या पातीचे भैयासाहेब चूल बघायला निघाल्याचं कळताच धाकट्यांच्या प्रतापरावांनीही घोडं काढलं. मागे राहतील ते अंमलदार कसले! दोघं दोन दारांतून आत डोकावले आणि समोरासमोर आले. बाईंनी ओळखलं, चोरी उघडी पडली; आता कॉलेज गेलं, बदनावर तेवढं उरलं.

पण चुलीकडे बघतंय कोण! "ही आमची रयत," भैयासाहेब गरजले.

"वा भिया! मागच्या अंगणातला धूर काय तुमचा?" प्रतापराव उसळले.

परवा ढकलून देत होते तेच आज ओढत होते. बाईंनी पदर सावरला आणि साळसूदपणे म्हटलं, "राहू द्या, भैयासाहेब. धाकटी पाती देतेय तर तिचंच घेतो आम्ही."

झालं! एकानं फी कबूल केली, दुसऱ्यानं राहणं-जेवण. एकानं पुस्तकं म्हटलं की दुसरा कोट-पगडी म्हणे. बाईंना हसू आवरेना. दोघांनी कागदावर आपापले शिक्के ठोकले, कृष्णाजींची सही घेतली आणि मिशांवर ताव देत निघून गेले.

कृष्णाजींनी मग कागद वाचून दाखवले. शेवटची ओळ दोन्हींत तीच: बी. ए. होताच मुलानं जन्मभर आमच्याच दरबारची चाकरी करावी.

मग जन्मात कधी उलट न बोललेले कृष्णाजी म्हणाले, "बदनावरचे वकील निदान एकटेच होते."

बाई खदाखदा हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसल्या.

निघायच्या दिवशी पुढच्या दारात भैयासाहेब हार घेऊन उभे, मागच्या दारात प्रतापराव. माधव वळकटी घेऊन माजघरात खोळंबला. "आई, कुठून जाऊ?"

जानकीबाईंनी त्याच्या हातावर दही ठेवलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळे भरून पाहिला आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"खिडकीतून उडी मार. तेवढी अजून आपली आहे."