केरसुणीला लागलेला पाय

घरी बोलायला कोणी नाही, म्हणून सकाळी आठलाच ऑफिसात येतो आणि आठवडाभर रखडलेल्या अहवालासमोर नुसता बसून राहतो. आज झाडणाऱ्या शांताबाईंचा पाय चुकून केरसुणीला लागला. त्यांनी लगेच वाकून तिला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मग मी दिसलो, तशा ओशाळून म्हणाल्या, "लक्ष्मी आहे हो, साहेब. पाय लागला." आणि पुन्हा झाडू लागल्या.

कंटाळा त्यांनाही येतच असेल. मी मात्र कित्येक महिने कामाची बॅग टेबलाखाली पायानंच ढकलतोय.

त्या गेल्यावर वाकून बॅग वर घेतली. बघायला कोणी नव्हतं, तरी हात कपाळाला गेला. मग अहवालाची पहिली ओळ लिहिली.