अर्णवचं मधलं नाव

मी नेमाने देवीचं करते. कुवेतमधल्या अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटमध्ये रेणुकामातेचा लहानसा देव्हारा आहे आणि तिथे दिवा लावल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही. तरीही जी चूक माझ्या हातून झाली, ती देव न मानणाऱ्या बाईच्या हातूनही झाली नसती. ती मनात खुपत राहते, म्हणून लिहून टाकते.

माझ्या नवऱ्याचं नाव दगडू. तो परभणीकडचा, इथे तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, मी पुण्याची. लग्नानंतर मी त्याला 'डी' म्हणायला लागले आणि इथल्या मराठी मंडळींतही तेच रूढ केलं. सासूबाई एकदा त्या नावामागची गोष्ट सांगायला बसल्या होत्या. दुसरं नाव सापडलंच नाही का, असं मी हसत विचारलं. त्याही हसल्या आणि भाकरी थापायला उठल्या. दोन वर्षांनी त्या गेल्या. गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच. अशी नावं का ठेवतात हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण ते आपल्याच घरात घडलं असेल असं कधी मनाला शिवलं नाही.

पोटात मुलगा आहे हे इथे आधीच कळतं, त्यामुळे अर्णव हे नाव लवकर ठरलं. त्याच्या शेजारी दगडू मला सोसेना. जन्मनोंदणीच्या फॉर्ममध्ये वडिलांचा रकाना वेगळा आहे, मग मधलं नाव शोभेसं घेऊ, असा हट्ट मी धरला. व्योम, सोहम, रेयांश अशी यादी करून मी मोठ्याने म्हणून बघायचे. अर्णव सोहम कानाला गोड लागलं. बाळ झाल्यावर तसा फॉर्म नवऱ्यानेच भरला, आपल्या सुरेख अक्षरात.

तो द्यायच्या आधीच बाळाचा श्वास अडकू लागला. आठव्या महिन्यातलं मूल ते. जाब्रियाच्या इस्पितळात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि दोन दिवस काही सांगता येणार नाही म्हणाले. मी काचेशी उभी राहून नवस बोलत होते. ओटी भरीन, उपास धरीन, चांदीचा पाळणा वाहीन. शब्द तोंडातून निघत होते, मन मात्र कोरडं ठक्क होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथली सफाईवाली मावशी माझं पुटपुटणं ऐकून जवळ आली. रत्नागिरीकडची मुसलमान बाई. दुआ करते, बापाचं नाव सांग, म्हणाली. मी 'डी' म्हणणार होते आणि तोंडातून निघालं, दगडू.

"अगो, मग त्याच्या आयशीची आधीची पोरां गेली असतील," ती म्हणाली. "जगावा म्हणून ठेवतात तां नाव. तिचा ऐकलान ना देवानं? तुझापण ऐकल."

मी बाहेर येऊन नवऱ्याला विचारलं. त्याच्याआधी दोन मुलं गेली होती. त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने पसाभर ज्वारीला विकत घेऊन परत आणलं. सहा वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. फॉर्म फाडून टाक, तुझंच नाव लिही, असं मी रडत म्हणाले.

"राहू दे," तो म्हणाला. "शाळेत हसतात त्या नावाला."

तो शाळेचं बोलत होता. घरात हसणारी मीच होते.

त्या दुपारी मी नवस बोलणं थांबवलं. माझा नवरा हा एका आईने देवाकडे मागून घेतलेला जीव होता, आणि तिचं मागणं मला ओंगळ वाटलं होतं. मी काचेवर डोकं टेकवून देवीला एवढंच म्हटलं, आता तुझं तू बघ. संध्याकाळी बाळाचा श्वास सुरळीत झाला. कशामुळे, ते मी विचारत नाही. मावशीला गाठायला नंतर दोनदा गेले, पण तिची ड्युटी दुसरीकडे लागली होती.

नवा फॉर्म मी माझ्या हाताने भरला. आता दिवा लावताना मी आधी सासूबाईंची क्षमा मागते. त्यांच्यापर्यंत ती पोचते की नाही, ठाऊक नाही. लसीकरणाला जातो तेव्हा नर्स पूर्ण नाव पुकारते, अर्णव दगडू. बाळ आपल्या मुठी चोखत असतं. मान वर करतो तो त्याचा बाप, आणि दर वेळी आधी माझ्याकडे बघतो, मी हसतेय का ते.