चहा नको म्हणणारी विहीण

माझ्या आईच्या चुलीवरून चहाचं पातेलं कधी उतरलेलं मला आठवत नाही. जळगाव जामोदला आमचा भाजीपाल्याचा मळा. सकाळी वांगी, मिरच्या तोडायच्या आणि बाजारात जाऊन बसायचं. बाजारात बायकांना लघवीला जायला जागा कुठे? म्हणून आईचा कायदा होता, घरून निघताना पाणी प्यायचं नाही. चहा मात्र चालायचा. "चहा काय पाणी हाय का वं? थो तं अंगातच आटते," असं ती ठासून सांगायची. बाजारातल्या साऱ्या बायका माना डोलवायच्या, कारण त्याही तेच करत होत्या. सोबत भाकर आणि तव्यावरच रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. खोटं कशाला बोलू, त्या ठेच्याच्या आठवणीनं आजही तोंडाला पाणी सुटतं. तसा ठेचा मला पुन्हा कुणाच्या हातचा मिळाला नाही.

उन्हाळ्यात तिला उन्हाळी लागायची. लघवीला आग आग व्हायची. मग लिंबाचं सरबत करून प्यायची, वर पुन्हा चहा. पुढे पुढे तर बारा महिने तिला घाई लागू लागली. आली म्हटलं की आली, उंबरठा ओलांडायची उसंत नाही.

माझं लग्न झालं देऊळगाव राजाला. जिल्हा एकच, पण माहेर वरच्या टोकाला आणि सासर खालच्या. बुलढाण्याला गाडी बदलावी लागते. बालाजीची यात्रा आली की मी फोन करायची, आई "हाव, येतो" म्हणायची आणि यायची नाही. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं तरी नाही. माझ्या सासूबाई विचारायच्या, "तुझ्या आईला आमचं घर आवडत न्हाई का?" मी मळ्याच्या कामावर ढकलायची.

एकदा माहेरी गेले असताना माझा पारा चढला. "लेकीचं घर कडू झालं का तुले? काऊन येत नाई?" आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "निंघालो होतो एकडाव. राजूर घाटात लागली. कंडक्टर म्हणे घाटात गाडी थांबत नाई. लुगडं ओलं झालं, माय. बुलढाण्याले उतरलो अन् तसाच वापस आलो." एवढी धट्टीकट्टी माझी आई, बाजारात दलालाला घाम फोडणारी, आणि हे एकटीनं गिळून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लघवी तपासली, साखर तपासली. तसं काही निघालं नाही. मग खाणं-पिणं विचारलं. आईनं चहा सांगितला, ठेचा सांगितला, पाणी पीत नाही हे तर अभिमानानं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, काही जणांच्या मूत्राशयाला चहा आणि तिखट डिवचतं, लिंबूही डिवचतं. पाणी कमी प्यालं की लघवी दाट होते, मग ती आणखी झोंबते. चहा एकदम तोडू नका, डोकं धरेल, हळूहळू कमी करा. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, पोट साफ ठेवा. घाई लागली तरी जरा दम धरायची सवय करा. त्यासाठी एक व्यायामही शिकवला. मी कपाळावर हात मारला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! इतकी वर्षं बिचाऱ्या पाण्यालाच शिक्षा.

आई बाहेर येऊन म्हणाली, "चहा सोडून जगू कायले वं?" पण लागली कामाला. ठेच्याच्या जागी जवसाची चटणी, दुपारच्या चहाच्या जागी धण्याचं पाणी. फोनवर रोज शिव्या. डॉक्टरीणबाईंना, मला, धण्यांनाही. आणि एक दिवस फोन आला, "मी बुलढाण्याच्या स्टँडवर हावो. तुयी गाडी कोन्या फलाटावर लागते?" मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले.

पहिल्यांदाच विहीण घरी आलेली. सासूबाईंनी आलं घालून, दुधाचा, ठेवणीतल्या कपात चहा आणला. आमच्याकडे विहिणीनं चहा नको म्हणणं म्हणजे सोयरीकच नको म्हणणं. आई म्हणाली, "चहा नको." सासूबाईंचा चेहरा उतरला. "आमच्या घरचा चालत न्हाई व्हय?"

"तसं नाई, इहीनबाई. चहा पेला का मले लघवी थांबत नाई. घाटात लुगडं ओलं झालं होतं. म्हणून तं इतके वर्सं आलो नाई."

माझ्या नवऱ्यानं पेपर तोंडापुढं धरला. धरणीमाय पोटात घे, असं मला झालं. सासूबाई कप उचलून आत गेल्या. मी मागोमाग. त्या मोरीशी उभ्या होत्या आणि डोळ्यांना पदर लावला होता. "मलाबी," एवढंच म्हणाल्या. मग डोळे पुसून, "सुलतानपूरला भावाकडं गेले न्हाई, किती वर्सं झाली ते मोजायचंबी सोडलं."

आई आठवडाभर राहिली. दोघी मिळून धण्याचं पाणी प्यायच्या आणि मिळून त्याला नावं ठेवायच्या. एवढं हसणं त्या घरात मी आधी ऐकलं नव्हतं. सासूबाईही डॉक्टरांना दाखवून आल्या, त्यांना गोळीही लागली.

संक्रांतीनंतर आई पुन्हा आली आणि आम्ही तिघी सुलतानपूरच्या गाडीत बसलो. स्टँड आलं की आई पुढं व्हायची, "चला, आंधी जाऊन येऊ, मंग बोलू." सासूबाई लाजायच्या, पण जायच्या.

सासूबाईंचे भाऊ, दादा, ओट्यावर काठी घेऊन बसले होते. बहिणीला पाहून त्यांनी हात तेवढा पुढं केला. "बाई, मी तुले काय बोललो होतो? लय आठवून पाह्यलं, आठवतच नाई."

त्यांना वाटलं होतं, बहीण रुसली. आईनं तोंड उघडलं, तसा सासूबाईंनी तिचा हात घट्ट दाबला. भावाला कसं सांगणार?

"गाडी भेटत नव्हती, दादा," त्या म्हणाल्या.

"गाडी तं दारावरूनच जाते, बाई," दादा म्हणाले. "दरेक गाडीले उठून पाहत होतो मी."