शिवणताईंनी उसवलेला कॉम्प्युटर

आमच्या जिन्यावर बातमी पसरली, की समोरच्या शिवणताईंनी कॉम्प्युटरला टाके घालायला घेतलेत. सगळ्यांनी मनसोक्त हळहळून घेतलं. एकटी बाई, डोक्यावर परिणाम व्हायचाच. मी जाऊन खातरजमा करून आले. टाके वगैरे काही नव्हते. बाईंनी तो नुसता उसवला होता.

शिवणताई भरतकाम करतात. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, मग मशीन ती कापडावर भरतं. कॉम्प्युटर केवढा, तर जाडसर पुस्तकाएवढा. हल्ली मोठी नक्षी उघडली की तो जेवलेल्या जावयासारखा पेंगायचा. दुकानदार म्हणाला, नवाच घ्या. पण ताईंचा नक्षीचा जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. हा गेला, तर आयुष्यभर काढलेले मासे, पक्षी, वेली कायमच्या कुलुपात. म्हणून ताईंनी मोठी डिस्क आणि मेमरीची नवी पट्टी आणली होती.

मी गेले तेव्हा जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरत होतं. पडद्यावर निळी रेघ गोगलगायीच्या चालीने सरकत होती. खिडकीतून तिरपं ऊन आलेलं, त्यात दोऱ्यांचे तंतू तरंगत होते.

"काय चाललंय, ताई?"

"मासे चाललेत. या तळ्यातून त्या तळ्यात. बस, पण बडबडू नकोस, बिचकतील."

मी मशीनपुढच्या खुर्चीवर बसले; मशीनवर एक मासा अर्धाच भरून राहिला होता. पंख्याची घरघर, रिळांचे रंग, ती निळी रेघ. माझा डोळा लागला असावा, कारण भिंतीवरून मासे जाताना मला चक्क दिसले. एकामागून एक, शहाण्यासारखे, कुणाची ढकलाढकली नाही.

जागी झाले तर ताईंनी वायर काढून झाकण उघडलेलं. स्क्रू टाचण्यांच्या चुंबकी बशीत. नवी डिस्क बसली होती. आता मेमरीची पट्टी त्यांनी खाचेत तिरकी सरकवली आणि रेशमाला हात लावावा तशी अलगद टेकवली. झाकण लावलं, बटण दाबलं.

पडदा काळाच.

"गेला वाटतं," मी म्हटलं.

"तुझ्या ओठांना टाचणी लावू का?" ताई म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.  मग वायर काढली, झाकण पुन्हा उघडलं, पट्टीला बोट लावलं. ती हलली.

"अगं, हिला मी कापड समजले. बसलीच नाहीये ही."

या वेळी अंगठे रोवून दाबलं. दोन्ही बाजूंच्या चापांनी टक् केलं. बटण दाबताच पडदा उजळला, आणि पाठोपाठ मासे, पक्षी, वेली सगळे हजर.

माझा जीव भांड्यात पडला, तशी जीभही सुटली. "एवढ्या जागेचं आता करणार काय, ताई?"

"आधी तू ऊठ त्या खुर्चीवरून. एक मासा कधीचा शेपटीवाचून तडफडतोय."