गुडघ्याखालची उशी

एका चालत्या माणसाचा पाय मी उशीनं मोडला. काठीनं, दगडानं पाय मोडणारे पुष्कळ असतात. उशीनं मोडणारी वर्धा जिल्ह्यात मी एकटीच असेन. उशीही कशी, तर आपल्याच जिल्ह्याच्या कापसाची, मऊ, कोपऱ्यावर दवाखान्याचा शिक्का असलेली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पवनारच्या माळ्याची पोर, वांग्या-मेथीच्या वाफ्यातून उठून वर्ध्याला नर्सिंग शिकायला आलेली. डोक्यावर पांढरी टोपी चढली आणि टोपीखाली जे काही थोडंफार होतं तेही दबून गेलं. जगातली सगळी दया माझ्याच पोटात आहे आणि डॉक्टर लोक नुसती हाडं मोजतात, अशी माझी पक्की समजूत होती.

तो माणूस म्हणजे आमच्या वॉर्डातला कोतवाल. केसपेपरवर त्याचं नाव होतं. रोज वाचत असेन, पण लक्षात ठेवलं नाही. हाही त्या वयातल्या माझ्या शहाणपणाचा एक नमुना. केळझरकडच्या एका खेड्याचा तो कोतवाल, म्हणजे गावचा निरोप्या. पटवाऱ्याचा सांगावा पोचवायचा, दवंडी द्यायची, साहेब आला की त्याच्या गाडीपुढे वाट दाखवत धावायचं. हे काम महारवाड्यातल्या एकाच घराकडे बापापासून लेकाकडे येत गेलेलं. वय चाळिशीचं, अंग काटकुळं, आणि पोटऱ्या अशा की कोणी दोरखंड पिळून ठेवलेत.

मैल, कोस त्याला ठाऊक नव्हते. तो अंतर बिड्यांनी मोजायचा. केळझर ते सेलू तीन बिड्या, सेलू ते वर्धा पाच. "पावसाळ्यात एक जास्तीची, इझते न!" मी एकदा विचारलं, "आणि नागपूर?" तर कपाळाला हात लावून म्हणाला, "नागपूरले सुट्या बिड्या नाई पुरत, बाई. अख्खं बंडल लागते."

निरोपाबद्दल त्याचा एक कडक नियम होता. "निरोपात मीठ नाई टाकाव." पटवाऱ्यानं शिवी दिली असेल तर शिवीसकट सांगायचं, आणि रडत सांगितलं असेल तर "रडून राह्यले होते" हेही सांगायचं. वर आपलं काही नाही. वॉर्डात मी त्याच्याकरवी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, की औषध घ्या, नाहीतर सिस्टर रागावतील. कोतवालानं मान वळवून सांगितलं, "बाई म्हनते, औषध घ्या, नाईतं सिस्टर रागवन. म्हनताना बाई हासून राह्यली होती." म्हाताऱ्यानं औषध घेतलं नाही.

दवाखान्यात आम्हाला शिकवलं होतं की रोग्याला 'तुम्ही' म्हणायचं. मी पहिल्या दिवशी त्याला म्हटलं, "कोतवाल, तुम्ही पाय इकडे घ्या." त्यानं मागे वळून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मले वाटलं, माया मांगं कोनी साहेब येऊन उभा राह्यला." मी खूप हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला पुढे फार वर्षांनी कळलं, आणि तेव्हा हसू आलं नाही.

त्याचा गुडघा गेला तो आदल्या वर्षीच्या आखाडात. पटवाऱ्याचा निरोप घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, धावत होता. पाय काळ्या मातीत घोट्यापर्यंत रुतला, आणि मागून कोणीतरी हाक मारली म्हणून वरचं अंग वळलं. पाय तिथंच, अंग इकडे. "कट्ट आवाज आला, बाई. मले वाटलं तुराटी मोडली. पाह्यतो तं मीच." गावातल्या हाड बसवणाऱ्यानं दोनदा झटके दिले. त्यानंतर गुडघा मधूनच अडकायचा, आणि दवाखान्यात आला तेव्हा तर दोन महिने वाकडाच अडकून बसला होता, सरळ होतच नव्हता.

आमचे डॉक्टर गुडघ्याचं हे काम खास शिकून आलेले. त्यांनी त्याला समजावलं, की दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. त्यातली एक फाटून तिचा पदर सांध्यात शिरलाय. "दाराच्या बिजागरीत खडा अडकला तर दार उघडेल का? तसं आहे हे."

"मंग खडा काढा, साहेब," कोतवाल म्हणाला. "दार नोका काढू."

तेव्हा गुडघा चांगला उघडून फाटलेली गादी काढूनच टाकायचे. आता माझ्या नातीचा गुडघा खो-खो खेळताना असाच गेला. दोन भोकं पाडून, दुर्बीण घालून डॉक्टरांनी गादी शिवली, हाडं बांधून ठेवणाऱ्या तुटलेल्या दोरीच्या जागी नवी दोरी घातली. सूनबाई प्रेमानं तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवायला गेली आणि मी अशी काही ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. त्यांना वाटलं म्हातारी गेली.

ऑपरेशन पोळ्याच्या सुमारास झालं. त्याआधी मी त्याला विचारलं होतं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, "यंदा आमचे लोक धरम बदलनार हायत, बाई. कवा, कुठी, थे नाई ठाऊक. निरोप येईन. जलमभर दुसऱ्याचे निरोप पोचवले. हा पह्यला निरोप माया सोताचा. आला का पायानं जानार. साहेबाच्या घोड्यापुढं धावलो, पटवाऱ्याच्या छकड्यापुढं धावलो. एक डाव माया मनानं चालतो." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "परत आलो का कोतवालीची काठी पटवाऱ्याच्या ओट्यावर ठेवतो. म्हनतो, घ्या, आता दुसरा पाहा."

डॉक्टरांनी ऑपरेशननंतर त्याच्यादेखत मला तीन गोष्टी बजावल्या. पाय लाकडी पट्टीवर सरळ बांधलेला राहील. रोज शंभर वेळा तो सरळच्या सरळ उचलायचा. आणि गुडघ्याखाली काही ठेवायचं नाही. "कितीही दुखलं तरी नाही. वाकडा ठेवला की आराम पडतो, पण मग तो वाकडाच राहतो."

मी मान हलवली. टोपीही हलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोतवाल दातावर दात दाबून पडला होता. ओरडला नाही, मागितलं काही नाही. कपाळावर घाम तेवढा. माझ्या पोटातली ती जगप्रसिद्ध दया उसळली. मी पट्टे सैल केले, लाकडी पट्टी काढली आणि गुडघ्याखाली उशी सरकवली. त्यानं एकदा उशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग डोळे मिटले. चेहरा असा सैल झाला, की मला वाटलं, झालं, आता आपली तसबीर भिंतीवर लागणार!

खरं सांगायचं तर नुसती दया नव्हती, मिजासही होती. सुट्टीत घरी गेले की आई मला आधी विहिरीवर पाठवायची. "कोनाकोनाले शिवून आली अशीन, आंघोय कर." मी आंघोळ करायची आणि मनात म्हणायची, मी शिवते! माझ्या हातानं शिवते! त्या उशीला मी दिवसातून चारदा थापट्या मारायची त्या त्याच्यासाठी होत्या की माझ्यासाठी, देव जाणे.

मग रोजचंच झालं. डॉक्टरांच्या फेरीआधी उशी काढायची, पट्टी बांधायची. फेरी गेली की पुन्हा उशी. रात्रपाळीच्या मुलीलाही मी ही युक्ती शिकवली, गुरूच की मी! पाय उचलायचे शंभरांतले तीस झाले आणि त्याचा श्वास लागला की म्हणायची, "राहू द्या आज." वहीत मात्र शंभर लिहायची, ठळक अक्षरात.

तीन आठवड्यांनी पट्टी कायमची निघाली. डॉक्टर म्हणाले, पाय खाटेवर टेकव. टेकेना. गुडघ्याखालून डॉक्टरांची मूठ आरपार गेली. त्यांनी दाबून पाहिलं. कोतवालाच्या डोळ्यांत पाणी आलं, पाय तसूभर हलला नाही.

"उशी घेत होतास?" डॉक्टरांनी विचारलं.

मी खाटेच्या पायथ्याशी ट्रे धरून उभी होते. ट्रेमधली कात्री खुळखुळत होती, ती मी अंगठ्यानं दाबली.

कोतवाल म्हणाला, "पाय आपला, साहेब. आपनच वाकवला."

"सांगितलेलं ऐकायचंच नसतं तुम्हा लोकांना," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. मी त्यांच्या मागोमाग गेले. एक वाक्य बोलायचं होतं, 'उशी मी दिली.' पण दोन महिन्यांनी माझी परीक्षा होती. तीन शब्दांचा निरोप, तोही मला पोचवता आला नाही.

त्याच आठवड्यात त्याची बायको खेड्यावरून आली. दारातूनच म्हणाली, "निरोप आला बापा! दसऱ्याले, नागपूरले, लाखानं लोक येनार हायत, सारं आभाय भरून—"

"मीठ नोको टाकू," कोतवाल उठून बसत म्हणाला. "जसा आला तसा सांग."

ती थांबली. पदर सावरून म्हणाली, "दसऱ्याले नागपूरले या. पांढरे कपडे घालून या."

"अजून एक डाव."

तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं ओठ हलवून ते पाठ केलं. मग चादरीखालच्या पायाकडे पाहिलं. चादर गुडघ्यापाशी तंबूसारखी उचललेली होती.

दसऱ्याला अठरा दिवस उरले होते. डॉक्टरांनी गुडघ्यावर वाळूच्या पिशव्या ठेवायला सांगितल्या. आता मी नियमाची एवढी पक्की झाले, की मिनिटभरही पिशवी उचलली नाही. तो तोंडात पंचा धरायचा. मी शंभर मोजायची ते खरे शंभर. मुठीच्या जागी तीन बोटं जायला लागली, आणि तिथंच सगळं थांबलं. एकदा त्याला भूल देऊन डॉक्टरांनी जोर लावून पाहिला. गुडघा तेवढा सुजला. शेवटी ते म्हणाले, "एवढाच. आता याहून नाही." दवाखान्याची एक काठी देऊन त्याला घरी पाठवलं. वाकडा पाय मांडीला थकवतो. वॉर्डापासून फाटकापर्यंत जाताना तो तीनदा थांबला. एक बिडीही पुरी झाली नसती एवढं ते अंतर.

दसऱ्याच्या आधी आणि दसऱ्याला नागपूरच्या रस्त्यानं माणसंच माणसं गेली म्हणतात. पांढरी धोतरं, पांढरी लुगडी, डोक्यावर शिदोऱ्या. मी गेले नाही, मला ड्यूटी होती. दिवसभर फाटकाकडे बघत मी खाटांच्या चादरी ताणत होते.

दिवाळीनंतर तो दवाखान्याची काठी परत करायला आला. त्यानं स्वतःची बाभळीची काठी करून घेतली होती. सदरा पांढरा होता, नवा. व्हरांड्यातल्या बाकावर बसला. मी विचारलं, "गेला होतात?"

"गेलतो. बैलबंडीत. म्हाताऱ्या बाया, लेकरं, गंज-भांडे अन् मी. आमच्या गावचे लोक संग चालून राह्यले होते. म्या बंडल घेतलं होतं, तसंच वापस आनलं. बसून काय मोजाव?"

"आणि कोतवाली?"

"म्या सोडनार होतो न. पन लंगडा कोतवाल काय कामाचा, म्हनून पटवाऱ्यानं दसऱ्याच्या आठ दिवस आंधीच काढलं. काठी ठेवाले गेलो तं म्हने, ठेव तिकडं, दुसरा पाह्यला."

मग मी सांगितलं. रडत, नाक पुसत, टोपी वाकडी करून घेत. उशी मी दिली, डॉक्टरांपुढे मी गप्प राहिले, आता जाऊन सांगते. तो म्हणाला, आता सांगून पाय सरळ होते का? आणि उठला. व्हरांड्याच्या पायऱ्या एकेक उतरला. शेवटच्या पायरीवर थांबून वळला. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. केळझरच्या गणपतीला दोनदा गेले, पण त्याच्या खेड्याची वाट विचारायची हिंमत झाली नाही. त्या पायरीवरून तो जे बोलला ते त्याच्याच नियमानं, मीठ न टाकता सांगते:

"उशी म्या मागतली नोती, बाई. साहेब काय बोलला थे म्या बी आयकलं होतं. पाय बिघडून राह्यला, हे मले पह्यल्या दिवशीच समजलं. पन आमच्या डोक्याखाली बी कोनं कधी उशी देल्ली नोती, अन् तुमी तं पायाखाली देल्ली. 'काढा' म्हनाले तोंड नाई झालं."