डोंगरावर न्यायच्या सुऱ्या

अबुधाबीजवळ खलिफा सिटीत आमच्या शेजारच्या व्हिलात एक नामिबियाची बाई राहते. शाळेत सायन्स शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती वडिलांच्या फार्मवर पळते, कारण तिथे तेव्हा थंडी असते. परवाना काढून ती आणि वडील वर्षाला एक कुडू मारतात आणि घरादाराला मांस पुरवतात. कुडू म्हणजे घोड्याएवढं, पिळाच्या शिंगांचं हरीण.

गेल्या वर्षी वडिलांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. ती मला म्हणाली, "तू चल. बंदूक मी चालवीन. मला सोबत हवी आहे आणि सुरी धरता येणारे दोन हात."

मी बँकेत कम्प्लायन्स बघते. पण माहेर अलिबागकडचं. मी मासे साफ करताना ती कितीदा माझ्या किचनमध्ये उभी राहून बघत असे. मी हो म्हणून टाकलं.

मुलगा फोनमधून मान वर न करता म्हणाला, "आई, यू कान्ट ईव्हन किल अ कॉक्रोच."

नवरा मात्र खूश झाला. मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियात तो फॅब्रिकेशनचं वर्कशॉप सांभाळतो, त्यामुळे स्टील म्हटलं की त्याच्या अंगात येतं. शुक्रवारी तो मला अबुधाबीतल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. ससाण्यांच्या चामडी टोप्या, तंबू, अरबी कॉफीचे चोचवाले दल्ले आणि काचेच्या कपाटात चमकणाऱ्या सुऱ्या. सेल्समन पेशावरचा.

"मॅडम, ये लीजिए. ऊंट भी कट जाएगा."

"हार्डनेस कितना है?" नवऱ्याने विचारलं.

"भाईसाब, बहुत हार्ड है."

एवढ्या टेक्निकल माहितीवर आम्ही पाच सुऱ्या घेऊन घरी आलो. एक जवळजवळ तलवार, एक पाठीला करवतीचे दात असलेली, एक घडीची, एक टोकाला आकडा असलेली आणि एक नक्षीदार शिसवी मुठीची. शिसवी मूठ मला फार आवडली होती.

संध्याकाळी शेजारीण चहाला आली. डायनिंग टेबलावरचं प्रदर्शन बघून तिने आधी कप खाली ठेवला.

"कोणाशी लढाई आहे?" तिने तलवार बाजूला सारली. "पोटात हात घालून काम करायचं असतं. पातं लांब असलं की टोक कुठे आहे ते कळत नाही."

"आणि ही?" नवऱ्याने करवत पुढे केली.

"हाडं कापायचीच नसतात. सांध्यात शिरायचं." घडीची सुरी तिने उघडली, मिटली. "चरबी बिजागरीत जाते. डोंगरावर ती टूथपिकने कोण काढणार?" आकड्याचीही तशीच वाट लागली. शिसवी मूठ हातात घेऊन ती मला म्हणाली, "हाताला तेल लाव आणि घट्ट धर."

मी तेल लावून धरली. तिने पात्याच्या पाठीकडून जरासं ओढलं, आणि सुरी साबणासारखी निसटली.

"शिवाय हा रंग गवतात सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी नवरा तोंड पाडून दुकानात गेला आणि पाचही सुऱ्या बदलून दोन घेऊन आला. एक चार बोटं लांब पात्याची, जाड पाठीची. दुसरी पातळ आणि छोटी, बांगडा साफ करायला शोभेल अशी. दोन्हींच्या मुठी भडक केशरी रबराच्या. सोबत धार लावायची एक सळई.

"एवढंच?" तो म्हणाला.

"खलास," ती म्हणाली.

सुट्टी लागली आणि आम्ही नामिबियात पोहोचलो. फार्मपासूनही पुढे दगडधोंड्यांतून जीप तासन् तास चालली. वडील जीपपाशी रेडिओ घेऊन बसले आणि आम्ही दोघी चढलो, रात्र वरच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एका गोळीत कुडू पाडला. तो दोन पावलं चालला आणि बसला, जणू दमला होता. ती बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून बसली. मीही ठेवला, आणि दचकले. मासा हातात येतो तेव्हा थंड असतो. हे अंग गरम होतं. मला रडू येईल असं वाटलं, पण ऊन चढत होतं आणि मांस खराब व्हायच्या आत पोट उघडायला हवं होतं.

तिने मोठ्या सुरीने, धार वर करून, पोट आतून उघडलं. काळीज बाहेर आलं तसं मी म्हटलं, "थांब, पित्ताची पिशवी. फुटली तर सगळं कडू." सुरमईवर आयुष्यभर केलेलं काम मी छोट्या सुरीने तिथे केलं, फक्त पिशवी जरा मोठी होती. मग दोघींनी मिळून एका बाजूचं कातडं सोडवलं. मागच्या पायाचा सांधा शोधताना तिचा हात घसरला आणि पातं डाव्या अंगठ्याच्या बुडाशी शिरलं.

मी पट्टी दाबून घट्ट बांधली. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. रेडिओवर वडिलांनी विचारलं, "बोटं हलतात का?"

"हलतात."

"मग बसून राहा. फार्मवरून दोन माणसं बोलावतो, पण त्यांना दुपार होईल. तोवर पाहुणीला काम करू दे."

पाहुणी म्हणजे मी! मी सुरी उचलली. ती दगडाला टेकून सांगत गेली. "पुढचा पाय वर उचल. तिथे सांधाच नाही, नुसतं मांस धरून आहे. खालून सुरी चालव." चालवली. खांदा इतक्या सहज सुटून माझ्या मांडीवर आला की मी मागे पडले. ती हसली, मग अंगठा दुखला म्हणून मी शिकवलेली एक मराठी शिवी दिली. मागच्या पायाला मी बराच वेळ झगडले. धार बोथट झाली, सळईवर घासली, पुन्हा कामाला लागले. अखेर सांध्याची वाटी टचकन उघडली आणि मी कुडूच्या त्या डोंगरावर "यल्ला!" असं चक्क अरबीत ओरडले. का, ते मला माहीत नाही. मग हलकं झालेलं धड लोटून उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूचं कातडं आणि पायही तसेच सोडवले.

माणसं आली तेव्हा चारही पाय झाडाच्या सावलीत फांद्यांवर टांगलेले होते आणि मी कोपरापर्यंत लाल होते. त्यातल्या एकाने पायांकडे बघून मान डोलावली. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

फार्मवर परतल्यावर वडिलांनी स्वतः तिला टाके घालून आणले, म्हणजे दवाखान्यापर्यंत ऐंशीच्या वेगाने जीप हाकली. रात्री काळीज तव्यावर पडलं. मी कांदा आणि मिरच्या मागितल्या. मिरच्या नव्हत्या. तसंच खाल्लं, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सकाळी तिला एका हाताने बूट घालता येईनात. मी खाली बसून नाड्या बांधल्या.

"कुठे जायचंय?" मी विचारलं.

"वर, घरामागच्या टेकडीवर. आज फक्त बघायला."

आम्ही थर्मास घेतला आणि निघालो.