मे महिन्याची पोरं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाकळा झटकणं. ऊन उतरलं होतं. तिनं पेटीतल्या सगळ्या वाकळा काढून दिवसभर कुंपणावर टाकल्या होत्या. एकेकीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. झटकली की धूळ उडायची आणि तिला शिंका यायच्या.

"आवं, जोर लावा की. म्हातारं झालासा व्हय?"

"तू काय तरणी हायस?"

"तरणीच हाय मी. उद्या पोरं येऊ द्यात, मग बगा."

शेवटची वाकळ एका कडेनं उसवली होती. उद्या टाके घालते म्हणाली. मग आम्ही जेवलो, आमटी-भाकरी आणि कांदा. ती झोपली ती झोपलीच. सकाळी मी हाक मारली, परत मारली, मग हात लावून बघितलं.

डॉक्टर म्हणाला, हृदय. असंल.

आता पोरं कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्हाला मूल झालं नाही. त्यावर एवढंच लिहितो. ही पोरं मे महिन्याची.

आमच्या गावच्या डोंगरावर चित्रांचं संग्रहालय आहे, संस्थानाच्या वेळचं. मी तिथं दारावर शिपाई होतो. चौथी शिकलेला माणूस दारावरच बसणार. नव्वद सालानंतर वरच्या साहेबांनी एक गोष्ट चालू केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सातारा, सांगली, पुणे असं कुठून कुठून चित्रकलेची पोरं महिनाभर काम शिकायला यायची. काही शिकत असलेली, काही नुकतीच पास होऊन रिकामी बसलेली. मऊ ब्रशानं चौकटींची धूळ काढायची, मूर्तींवर नंबर चिकटवायचे, जुन्या चित्रांच्या नकला करायच्या, माणसं आली की माहिती सांगायची. साहेब त्याला इंटर्नशिप म्हणायचे. पोरं रात्री वरच्या खोल्यांत झोपायची. जेवायची सोय पहिल्या वर्षी एसटी स्टँडजवळच्या खाणावळीत केली होती. आठ दिवसांत निम्म्यांची पोटं बिघडली. साहेब मला म्हणाले, "मामा, तुमच्या घरी जमेल का?"

मी संध्याकाळी घरी विचारलं. मला वाटलं भांडंल. ती म्हणाली, "किती हायती?" बास. दुसरं काही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी पोरं तिला काकू म्हणाली. तिनं पळी आपटली. "काकू म्हणजे भावकी, आन् भावकी म्हणजे भांडण. मामी म्हणा. भाच्याला मामी दोन घास जास्त वाढती." तेव्हापासून ती मामी. मी तर आधीच मामा होतो, सगळ्या शिपायांना मामाच म्हणतात.

दुपारी मी खाली जेवायला यायचो तर माझ्या घरात मला बसायला जागा नसायची. पोरी चुलीपुढं. त्यांना भाकरी शिकायची हौस. शहरातल्या पोरी, पीठ मळायचं माहीत नाही. एकीनं थापली ती कडेला सगळी भेगाळली. ही ती हातावर घेऊन म्हणाली, "ह्यो कुठला तालुका गं? माण दिसतोय. पाऊसच न्हाई पडलेला." पोरी हसून लोळल्या. त्या दिवसापासून बिघडलेल्या भाकरीला माण तालुका म्हणायचे. सांगलीची एक पोरगी होती, तिचे सगळे तालुके माण. सलग दोन मे आली, भाकरी काही जमली नाही. पुढं पास होऊन दुकानांच्या पाट्या रंगवायला लागली, तरी तिसऱ्या वर्षी साहेबांना म्हणाली, मी परत येते, नव्या पोरांना शिकवते. ही मला म्हणायची, "ती काय चित्रासाठी येती व्हय? तुमास्नी काय कळतंय."

वर पण गमती व्हायच्या. आमच्याकडच्या बाया संग्रहालयात चपला काढून येतात. देवीचं चित्र म्हणजे देवीच. काचेवर कुंकू लावतात, खाली सुटे पैसे ठेवतात. पोरं रोज सकाळी कापसानं कुंकू पुसायची आणि कंटाळायची. एका पोरानं डोकं लढवलं. देवीच्या चित्रापुढं दोन खांब लावून लाल दोरी बांधली. झालं उलटंच. बायांनी दोरी बघितली, म्हणाल्या देवी जागृत झाली, आता लांबनं दर्शन. दुसऱ्या दिवशी दारापासनं रांग, आणि दोरीखाली चार नारळ. मी घरी सांगितलं तर ही हसत सुटली, मग म्हणाली, "मग पोरांनी एखादा नारळ तरी खाली धाडायचा न्हाई का? चटणी झाली असती."

तीस तारखेला, नाहीतर एकतीसला, पोरं जायची. ही स्टँडवर जायची. प्रत्येकाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी. गाडी वळणावरनं दिसेनाशी झाली तरी पदर डोक्यावर घेऊन उभीच. जून लागला की आठ दिवस भाकऱ्या जास्तच थापायची. मी म्हणायचो, अगं, कोण खाणार? म्हणायची, ऱ्हाऊ द्या. मग ती शिळी भाकरी आम्ही दोघं कुस्करून दुधात खायचो. ती भाकरी आता आठवते. चांगलं चांगलं खाल्लेलं आठवत नाही, ती शिळी आठवते.

मी रिटायर झालो. साहेबांनी हार घातला, नारळ दिला, झालं. तिला कुणी रिटायर केलं नाही. पोरं येत राहिली. मी मेलो असतो तरी आली असती. ती गेली म्हणजे पोरं गेली, हे मला त्या सकाळी तिच्या उशाशी बसल्या बसल्या कळलं. मनात तोच विचार. लोक म्हणत होते, रडा, मोकळे व्हा. मला वाटत होतं, पोरं गाडीत बसली असतील.

दुपारी अग्नी मीच दिला. परत आलो तर थोरली भावजय उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "भावजी, सायबाला निरोप धाडा. पोरास्नी स्टँडवर जेवू द्या. सुतकाच्या घरात कोण जेवणार? आन् चूल तर पेटवायचीच न्हाई."

तिचं काही चुकत नव्हतं. पण दहा दिवस पोरं खाणावळीत जेवली की अकराव्या दिवशी या घरी कशाला येतील? पुढच्या मेमध्ये तर कुणाला आठवणारही नाही. हे बोलून दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, बायको जळतीय आणि याला पोरांच्या जेवणाची पडलीय.

चारची गाडी आली. गल्लीतनं हसण्याचा आवाज आला. अंगणात बसलेली माणसं बघून तो थांबला. पुढं सांगलीची होती.

"मामी?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "सकाळी गेली."

तिनं पिशवी तिथंच टाकली. नवी पोरं बिचारी, त्यांनी हिला कधी बघितलेलं नाही, त्यांना कळेना कुठं बघावं. साहेब आले आणि सगळ्यांना वर घेऊन गेले. मी त्यांच्या पाठी बघत बसलो. म्हणालो, संपलं.

दिवेलागणीला सांगलीची परत आली. एकटी नाही, सगळी. एकाच्या हातात पातेलं, तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. वरच्या स्टोव्हवर केलं होतं. भावजय उठून आडवी आली.

"ह्ये काय गं?"

"कडू घास."

"आगं, मयताच्या घरी पहिला कडू घास सोयऱ्यानं आणायचा असतोय. तू कोण?"

"भाची."

"कुठली भाची?"

"सांगलीची. ही सगळी भाचरंच आहेत. मामीनंच केलंय आम्हाला, विचारा मामांना."

भावजयीनं माझ्याकडं बघितलं. सुतक भावकीला. भाच्याला सुतक नाही, आणि भाच्यानं आणलेला घास मामाच्या दारातनं परत धाडायची आमच्यात पद्धत नाही.

"व्हय," मी म्हणालो, "माझी भाचरं हायती. आन् माझ्यासंगट हितंच जेवतील."

भावजय बाजूला झाली. तिनंच पाणी आणून ठेवलं.

पिठलं खारट होतं. भाकरी एका बाजूनं करपलेली, कडेनं भेगा. तालुका सांगणारी नव्हती. मी पहिला घास तोंडात घातला. पोरं थांबली होती. मग तीही जेवली.

जाताना सांगलीची मागं राहिली. "मामा, उद्यापासून कसं करायचं?"

"हितंच यायचं."

"करणार कोण?"

"तुमी. मी पाणी भरतो, चूल पेटवतो."

"मला अजून माण तालुकाच येतो, मामा."

"चालंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. पत्र्याच्या डब्यात जोंधळे काढले. भावजय म्हणाली, "आवं, अजून राख सावडायची ऱ्हायलीय, कुठं निघालासा?" मी म्हणालो, पोरांना भाकरी लागतील. डबा खांद्यावर घेतला आणि गिरणीत गेलो. सगळ्या बायका. मला बघून बाजूला सरकल्या. सुतकाला भिऊन का दया येऊन, मी विचारलं नाही.

गिरणीवाल्यानं डबा घेतला, जोंधळे वर ओतले, डबा परत दिला आणि गिरणीच्या आवाजात ओरडून विचारलं, "मामा, जाड का बारीक?"

संसारभर तेच पीठ खाल्लं. मला माहीत नव्हतं.

"ती न्हेत हुती तसं दळ," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि चाक थोडं फिरवलं. पीठ पडायला लागलं, तसा मी डबा खाली धरला.